रानचा वाटा

स्वीडनमध्ये गावाकडचं घर विकायला निघालं की दलाल आधी छप्पर दाखवतो, मग घर गरम ठेवायची यंत्रणा, आणि मग तळघरात नेऊन सांगतो, "इथे दोन आडवे फ्रीजर आरामात बसतात." दोन माणसांचं घर असलं तरी दोन फ्रीजर. एकात जंगलातून वेचून आणलेल्या बेरी आणि भूछत्रं, दुसऱ्यात मूस. कागदात गुंडाळलेले तुकडे, प्रत्येकावर जाड पेनानं लिहिलेलं : खिमा, पुठ्ठा, रस्सा, जीभ, आणि खाली साल. मागच्या सालचं काही उरलं असेल तर सप्टेंबरात ते संपवायची घाई सुरू होते, कारण ऑक्टोबरात नवीन येणार असतं. आमच्याकडे नवा तांदूळ यायच्या आधी कणगीचा तळ झाडून घेत, तसंच.

नवऱ्याची दापोडीच्या कारखान्यातून सांडविकेनला बदली झाली तेव्हा लेक दोन वर्षांची होती, आता ती सतरा वर्षांची आहे. सांडविकेन हे सांडविक कंपनीचं गाव, आणि त्या कंपनीचा दापोडीतला कारखाना पुणेकरांना ठाऊक असतो. जवळचं मोठं शहर म्हणजे येव्ले. (लिहितात वेगळं, म्हणतात येव्लेच. आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, तिथेही पैठणी मिळते का.) मी मूळची दोडामार्गची. सह्याद्री उतरून गोव्याकडे जाताना लागतो तो तालुका. माहेरचं घर जंगलाला लागून आहे, आणि इथलंही. दोन्हीकडे रात्री बाहेर काहीतरी हलतं. तिकडे ते रानडुक्कर असतं आणि इकडे मूस किंवा हरीण, एवढाच फरक.

मूस दिसायला गमतीदार प्राणी आहे. घोड्यापेक्षा उंच, पाय काठ्यांसारखे, नाक लोंबतं, आणि नराच्या डोक्यावर दोन सुपं उलटी बांधल्यासारखी शिंगं. मोठ्या नराचं वजन चार-पाचशे किलो. गाडीनं धडक दिली तर त्याचे पाय बंपरला लागतात आणि धड थेट काचेवर येतं. दरवर्षी हजारोंनी असे अपघात होतात, आणि झाला की ११२ क्रमांकावर कळवणं सक्तीचं आहे. स्वीडिश भाषेत प्राण्याला 'यूर' म्हणतात. इंग्रजीतला 'डिअर' हा त्याचाच भाऊ. तोही पूर्वी कुठल्याही जनावराला म्हणत, पुढे नुसता हरणाला चिकटला. आपल्या 'मृग'चं अगदी हेच झालं. सिंहाला मृगेंद्र म्हणतात तो हरणांचा राजा म्हणून नव्हे, सगळ्या जनावरांचा राजा म्हणून. आणि शाखामृग म्हणजे फांद्यांवरचं जनावर, माकड. मृगया म्हणजे शिकार. दोन टोकांच्या दोन समाजांनी जनावर हा शब्द घेतला आणि ज्याच्या मागे सगळ्यात जास्त धावले त्यालाच तो देऊन टाकला.

शिकारीचा हक्क इथे जमिनीबरोबर येतो. जंगलात फिरायला, बेरी आणि भूछत्रं वेचायला कुणालाही मोकळीक आहे, जमीन कुणाचीही असो. जनावर मारायला नाही. १७८९पर्यंत मोठी शिकार राजाची आणि सरदारांची मिरास होती. त्या वर्षी तिसऱ्या गुस्ताव राजानं सरदारांशी भांडणात शेतकऱ्यांना आपल्या बाजूला ओढायचं म्हणून त्यांना स्वतःच्या जमिनीवर शिकारीचा हक्क देऊन टाकला. पुढची काही दशकं शेतकऱ्यांनी तो असा वापरला की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूस जवळपास संपला, आणि काही वर्षं शिकार पूर्ण बंद करावी लागली. आज मूस भरपूर आहेत ते निसर्गावरच्या प्रेमामुळे कमी आणि लाकूडधंद्यामुळे जास्त. विसाव्या शतकात इथे जंगल पट्ट्यापट्ट्यानं तोडून पुन्हा लावायला लागले. कोवळी पाईनची रोपं म्हणजे मूसचा हुरडा. खायला मिळालं, संख्या वाढली, आणि १९८२ साली एका हंगामात पावणेदोन लाखांच्या आसपास मूस मारले गेले. आता आकडा त्याच्या निम्म्याहूनही खाली आहे. तरी लाकूड कंपन्यांची तक्रार असते की अजून मारा, रोपं खातात. म्हणजे इथे मूस हे शेताची नासधूस करणारं जनावरच आहे. शेत तेवढं साठ-सत्तर वर्षांनी कापणीला येतं.

आमच्या शेजारच्या निवृत्त वेल्डरनं मला पहिल्यांदा गटाबरोबर नेलं तेव्हा मी थर्मास आणि गप्प बसायची शपथ घेऊन गेले होते. दहा-बारा माणसं, त्यात दोन बायका, सगळ्यांच्या टोपीला भगव्या रंगाची पट्टी. प्रत्येकाला जागा ठरवून दिलेली. त्या जागेवरून हलायचं नाही, ठरलेल्या दिशेपलीकडे नेम धरायचा नाही. राखाडी कुत्रा सोडतात. तो मूस शोधतो आणि त्याच्या समोर उभा राहून भुंकत राहतो. मूसही पळायचं सोडून त्याच्याकडे बघत उभा राहतो, आणि शिकारी वाऱ्याच्या उलट बाजूनं जवळ सरकतो. चार तासांत मी एक गोळी ऐकली, तीही दूरवर. बाकी सगळा वेळ ओल्या शेवाळ्यावर बसून कॉफी. शिकारीवर लिहिणारे थरार थरार करतात, पण मला तरी ते काम भाताच्या राखणीसारखं वाटलं. माचावर बसून रात्र काढलेल्या माणसाला त्यात नवं काही नाही.

खरी मजा नंतर, शेडमध्ये. मूस सोलून टांगतात, आणि लगेच कापत नाहीत. त्याचा हिशोब असा आहे : रोजच्या तापमानाचे अंश मोजत जायचे आणि बेरीज चाळीसच्या आसपास आली की कापायचं. चार अंश थंडी असेल तर दहा दिवस, आठ अंश असेल तर पाच. तेवढ्यात मांस मऊ पडतं. दोडामार्गच्या हवेत हा हिशोब दीड दिवसात संपेल, आणि त्याच्या आधी मांस. आमच्याकडे मारलेलं डुक्कर त्याच रात्री चुलीवर चढे. तिखटमीठ, हळद, भाजलेलं खोबरं, कोकम, तासन्‌तास शिजवणं, हे सगळं त्या घाईतून आलेलं असणार. मऊ व्हायला वेळ नाही मिळाला तर जाळ द्यायचा. थंड देशात जे काम हवा करते ते उष्ण देशात मसाला आणि विस्तव करतात. परदेशात राहून 'यांच्या जेवणाला चवच नाही' म्हणणाऱ्या आपल्या लोकांना मी हल्ली हेच सांगते. ऐकत नाहीत ती गोष्ट वेगळी.

दोन वर्षांपूर्वी अण्णा, म्हणजे माझे वडील, ऑक्टोबरात आले होते. आई आली नाही. ती माळकरी आहे आणि या देशात काय काय खातात याची तिला पूर्ण कल्पना मीच दिलेली आहे. अण्णा ७६ वर्षांचे, गुडघे कुरकुरतात, पण शेडमध्ये जायला पहिल्या गाडीत. तिथे लाकडी फळ्यांवर मांसाचे ढीग लावत होते. प्रत्येक ढिगात थोडं पाठीचं, थोडं पुठ्ठ्याचं, थोडी हाडं. मग एकानं पाठ फिरवली, दुसऱ्यानं एकेका ढिगावर बोट ठेवून विचारलं, हा कुणाचा? पाठमोऱ्यानं नावं घेतली. भांडण नको म्हणून. अण्णा मोठ्यांदा हसले. त्यांच्या लहानपणी दोडामार्गात हे काम एखाद्या पोराला तोंड फिरवून उभं करून होत असे, ढीग फळीवर नसत, सागाच्या पानांवर असत, एवढंच. मग ढीग मोजून ते मला म्हणाले, "हेंच्यात देवाचो वाटो खंय आसा?"

मी भाषांतर करून विचारलं. वेल्डर जरा विचारात पडला, मग कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला, तो जमीनमालकाचा. मालक म्हातारा आहे, येत नाही, पण त्याचा वाटा जातो. अण्णांना हे पटलं. "बरोबर. जागो ज्येचो, तेका पयलो," ते म्हणाले. आमच्याकडे जागा देवाची असते, गावकरी फक्त कसतात.

अण्णांनी सांगितलेली शिकार अशी. शिमग्याच्या दिवसांत गावाची पारध निघे. देवळात गाऱ्हाणं घालून, हाकारी रानात पाठवून, ठासणीच्या बंदुका असलेले चार-पाच जण वाटांवर बसत. मिळालं तर डुक्कर, भेकर, नाहीतर ससा. बऱ्याच वेळा काहीच नाही. वाटे ठरलेले. ज्याचा बार लागला त्याचा मानाचा, देवस्थानाच्या मानकऱ्यांचा, हाकाऱ्यांचा, ज्याच्या कुत्र्यानं धरलं त्याच्या कुत्र्याचाही. विधवा बाईच्या घरी कुणी पारधीला गेलेलं नसलं तरी वाटा जाई. हे सांगताना अण्णांचा स्वर हळवा होतो, आणि मला त्यात थोडं मीठ घालावंसं वाटतं. ज्यांच्या हाकाऱ्यानं जनावर उठे त्यांना वाटा मिळत असे तो शेवटी, आणि कुठल्या जागेचा, हे त्यांच्या नातवंडांनी सांगितलेलं वेगळं असेल. इथल्या फळीवरचे ढीग सारखे असतात, कारण गटातला प्रत्येक जण सारखी वर्गणी भरतो.

आमच्या घरातली एक गोष्ट स्वीडिश माणसाला समजावणं मला अजून जमलेलं नाही. आम्ही रानडुक्कर खात असू, पण गावातलं डुक्कर, म्हणजे गटाराशी फिरणारं, त्याचं नाव काढलं तरी आजी कानावर हात ठेवी. प्राणी तोच, पण एक स्वच्छ आणि एक अस्वच्छ, कारण एक काय खातं ते रान ठरवतं आणि एक काय खातं ते माणूस ठरवतो. आणि रानडुक्कर चालत असलं तरी ते घरात शिजत नसे. परड्यात तीन दगडांची चूल, वेगळं पातेलं, आणि स्वयंपाकी पुरुष. बायकांनी फक्त वाटण करून द्यायचं. अण्णा पेंढ्याच्या जाळावर कातडीचे केस जाळत, कोयत्यानं खरवडत, आणि बोटभर चरबीसकट तुकडे करत. चरबी टाकणं म्हणजे पाप.

यातलं पुष्कळ फार जुनं आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, लातूर-धाराशिवच्या सीमेपलीकडचं. राजानं काय खावं याचा त्यात मोठा भाग आहे, आणि त्यात डुक्कर कसं करायचं तेही आहे : पांढऱ्या कापडानं झाकून वरून कढत पाणी ओतायचं, केस हातानं निघून येईपर्यंत, मग विस्तवावर भाजायचं. त्याच ग्रंथात शेतातल्या उंदरांचीही पाककृती आहे. राजाच्या ताटातला उंदीर. चरकसंहितेत मांसाचे आठ वर्ग केले आहेत, बिळात राहणारे, पाणथळीतले, कोरड्या रानातले, उकरून खाणारे पक्षी, टोचून खाणारे पक्षी असे. जनावर कुठे राहतं आणि कसं खातं यावरून त्याचा गुण ठरतो. आजीनं चरक वाचला नव्हता, पण गटाराकडचं आणि रानाकडचं या तिच्या विभागणीत तोच विचार होता. आपले पूर्वज निव्वळ वरणभात-तुपावर जगले अशी समजूत असलेल्या मित्रमंडळींना मी कधीकधी 'मानसोल्लास'मधला हा भाग सांगते. मग दोन दिवस ग्रुपवर शांतता असते.

मूसच्या बाबतीत अडचण उलटी आहे : चरबीच नाही. अगदी लालभडक, कोरडं मांस. नुसतं असं मांस खाऊन माणूस जगू शकत नाही, हे ध्रुवप्रदेशात फिरलेल्या विल्यालमुर स्टेफान्सनला इन्युइट लोकांकडून कळलं होतं. १९२८ साली त्यानं आणि त्याच्या सोबत्यानं न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळाच्या देखरेखीखाली वर्षभर फक्त मांस खाऊन दाखवायचं ठरवलं. सुरुवातीला डॉक्टरांच्या आग्रहानं त्यानं फक्त बिनचरबीचं खाल्लं आणि दोन-तीन दिवसांत आजारी पडला. चरबी मिळाल्यावर बरा झाला. इन्युइट लोक चरबीला जीव की प्राण मानतात ते उगीच नाही, आणि क जीवनसत्त्व त्यांना व्हेलच्या कातडीतून आणि कच्च्या काळजातून मिळतं. हल्ली 'आदिमानवाचा आहार' म्हणून कोंबडीच्या छातीचे उकडलेले तुकडे खाणाऱ्या जिममधल्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं.

म्हणून इथे मूसच्या खिम्यात डुकराचा खिमा मिसळतात, रश्श्यात साय घालतात, आणि बाजूला लिंगोनचा मुरंबा ठेवतात. लिंगोन ही आंबट लाल बेरी. तिच्यात मुळातच बेंझोइक आम्ल असतं, त्यामुळे ती साखरेशिवायही पाण्यात टिकते. एक पदार्थ मला फार आवडतो, शेलक्नोल. मूसचा गोठलेला गोळा तसाच अगदी मंद, पाऊणशे अंशांच्या भट्टीत रात्रभर ठेवायचा, मग मसाल्याच्या खारट पाण्यात काही तास बुडवायचा, आणि थंड झाल्यावर पातळ काप काढायचे. गोष्ट अशी सांगतात की मेडेलपाडमधल्या एका बाईनं नवऱ्याला मांस जरा भट्टीत ठेवून वितळव म्हणून सांगितलं आणि तो विसरून झोपला. मी मूसचं सुकं करते. मालवणी मसाला, भाजलेलं खोबरं, वर चमचाभर खोबरेल, चरबीची भरपाई म्हणून. वेल्डरला ते इतकं आवडतं की तो आता ढीग मोजताना माझ्यासाठी बरगड्या वेगळ्या मागून घेतो.

आता येव्लेबद्दल. २६ एप्रिल १९८६ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. दोन दिवसांनी इथून जवळच्या फोर्समार्क अणुवीजकेंद्रात एका कामगाराच्या बुटांवर किरणोत्सर्ग सापडला, आणि सोव्हिएत संघाबाहेर जगाला पहिली कुणकुण लागली ती अशी. त्या दिवसांत वारा इकडचा होता आणि येव्लेच्या परिसरात नेमका पाऊस पडला. स्वीडनमध्ये सगळ्यात जास्त सीझियम उतरलं ते इथे. उत्तरेकडे सामी लोकांचे रेनडिअर दगडफूल खातात, आणि दगडफुलाला मूळ नसतं, ते सगळं हवेतूनच घेतं. त्या वर्षी कापलेल्यांपैकी बहुतेक रेनडिअरचं मांस फेकून द्यावं लागलं. एका किलोला ३०० बेकेरेल ही मर्यादा होती. ती तशीच ठेवली असती तर सामींचा धंदा आणि जेवण दोन्ही बुडालं असतं, म्हणून १९८७ साली रेनडिअर, शिकारीचं मांस आणि तळ्यातले मासे यांच्यासाठी ती १५०० केली. विज्ञान तेच होतं; कोण किती खातं आणि कुणाचं काय जाईल, याचा हिशोब करून आकडा बदलला. सीझियमचं अर्धं आयुष्य तीस वर्षांचं. मूसमध्ये ते आता बरंच उतरलंय. रानडुकरं मात्र जमीन उकरून, मातीखाली वाढणारी भूछत्रं खातात, आणि ती भूछत्रं सीझियम धरून ठेवतात. त्यामुळे या भागातलं डुक्कर तपासल्याशिवाय खात नाहीत. एक तपासणी सीझियमची, एक त्रिकिनेला नावाच्या कृमीची. वेल्डरनं हे अण्णांना समजावलं तेव्हा अण्णांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, तपासून खाता, म्हणजे मारून खायला सरकारची हरकत नाही? उलट, तो म्हणाला, सरकारला वाटतं लोकांनी डुक्कर जास्त खावं. फार झालीत, शेतं नासवतात.

मग अण्णा त्या संध्याकाळी फार बोलले नाहीत.

त्यांच्याकडेही फार झालीत. मी लहान असताना जंगलाकडच्या दोन कुणग्यांत भात असायचं, गडग्याशी रताळी आणि सुरण. आता ते कुणगे पडीक आहेत. पीक तयार व्हायला आलं की एका रात्रीत दहा-बारा डुकरं येतात आणि खातात त्याहून जास्त लोळवतात. दिवसा माकडं. २००२पासून तर कर्नाटकातून उतरलेले हत्तीही आहेत, ते केळी आणि माड बघतात. अण्णांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक आहे. ती निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि नंतर आणायची, एवढाच तिचा प्रवास उरला आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंधनं आली, आणि १९९१च्या दुरुस्तीनं परवाना काढून शिकार करायची उरलीसुरली वाटही बंद झाली. पिकाची नासधूस करणारं रानडुक्कर मारायला अर्ज करून, अटी पाळून परवानगी मिळू शकते. पण मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता. खायचं नाही. त्याची विल्हेवाट लावायची, म्हणजे पुरायचं किंवा जाळायचं. अण्णांना कायद्याचा राग मारू न देण्याबद्दल नाही. मारून पुरण्याबद्दल आहे. अन्न पुरतात का, असं ते विचारतात, आणि मला त्यावर चांगलं उत्तर सापडत नाही.

उत्तर आहे, पण ते अण्णांना सांगण्यासारखं नाही. खायची मुभा दिली की पिकाच्या नावाखाली बाजार सुरू होतो. आमच्याच वाडीतले तीन पोरगे पाच वर्षांपूर्वी डुक्कर मारताना पकडले गेले, अजून तारखांना जातात. ते काही घरच्या कालवणासाठी गेले नव्हते. सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना 'रानातलं' हवं असतं आणि ते त्याचे बोकडाच्या दुप्पट पैसे देतात. पावसाळ्यात गोव्याच्या बाजूला बेडूक पकडतात तेही असंच, 'जंपिंग चिकन' या लाडक्या नावानं. पूर्वी पहिल्या पावसात घरातल्यांपुरते धरत. हॉटेलात गेल्यावर बेडकांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. वाटा घालायची रीत असते तोपर्यंत शिकारीला मर्यादा असते, कारण गावात घरं मोजकी. विकायला लागलं की घरं मोजता येत नाहीत.

आणि आमच्या जिल्ह्यात कातकऱ्यांना 'वानरमारे' म्हणतात. ते जे खात तेच त्यांचं नाव झालं, आणि आता वानर मारणं गुन्हा असल्यामुळे त्यांचं नावच गुन्ह्याचं झालं. जाळं लावून, हाका घालून ते वानर धरत. आज बागायतदार माकडांच्या नावानं बोटं मोडताना म्हणतात, वानरमारे होते तेव्हा हा त्रास नव्हता. त्याच वानरमाऱ्यांना गावात घर बांधायला जागा द्यायची म्हटलं की तेच बागायतदार गप्प. उत्तर कोकणात भातकापणीनंतर कातकरी शेतातली बिळं खणून उंदीर काढतात, आणि बिळात उंदरानं साठवलेलं भातही. सोमेश्वर राजाच्या ताटातला उंदीर तो हाच. राजाकडून तो कातकऱ्याकडे कधी आला आणि वाटेत त्याची पाककृती जाऊन शिवी कधी झाली, हा इतिहास कुणीतरी लिहायला हवा.

स्वीडनसारखं आपणही करावं, असं म्हणायचा मोह मला होतो. मग मी आकडे बघते. स्वीडनचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळपास दीडपट, आणि माणसं एक कोटीच्या जराशी वर. महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेतच सव्वाअकरा कोटी. २०१८ साली काही शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरच्या सस्तन प्राण्यांच्या एकूण वस्तुमानाचा अंदाज मांडला : साठ टक्के पाळीव जनावरं, छत्तीस टक्के माणसं, आणि देवमाशांसकट सगळे रानटी प्राणी मिळून चार टक्के. चार टक्क्यांतून छत्तीस टक्क्यांचं जेवण निघत नाही. इथे निघतं, कारण इथे खाणारे थोडे आहेत आणि जंगल लाकडासाठी मुद्दाम मूसच्या सोयीचं बनलंय. 'नैसर्गिक आहार' म्हणून याची जाहिरात करणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. सगळ्यांनी केलं तर संपेल अशी गोष्ट काही जणांनी करणं हा आहाराचा सल्ला नव्हे, ती मिरास आहे, आणि ती कुणाला मिळावी हे भांडण वेगळं. माझं मत विचाराल तर दोडामार्गात ती आधी वानरमाऱ्यांना मिळावी, मग ज्याचा कुणगा उकरला गेला त्याला, आणि फार्महाऊसवाल्या पाहुण्याला कधीच नाही. असा कायदा कुणी करणार नाही, आणि केला तरी अंमल कुणाच्या हातात असेल हे मला माहीत आहे.

लेकीचा प्रश्न मात्र कायद्याचा नाही. तिनं तेराव्या वर्षी दुकानातलं मांस सोडलं. डुकरांच्या गोठ्यांची कुठलीशी चित्रफीत बघितली आणि सोडलं. आजीला इतका आनंद झाला की तिनं पंढरपूरहून तुळशीची माळ पाठवायची तयारी केली. पण लेक मूस खाते. वेल्डरच्या फळीवरचा, ज्याचं रान तिला माहीत आहे तो. इथे तिच्या वयाची अशी बरीच मुलं आहेत. आणि आता तिला शिकारीची परीक्षा द्यायची आहे : जाड पुस्तक, लेखी पेपर, बंदूक सुरक्षित हाताळण्याची चाचणी, मग छर्ऱ्याच्या बंदुकीचा आणि रायफलचा नेम. तिचं म्हणणं सरळ आहे. दुसऱ्यानं मारलेलं खाते तर स्वतः मारायची तयारी हवी, नाहीतर तेही सोडायला हवं. मी मूसचं सुकं चाटूनपुसून खाते, शेडमध्ये कोपरापर्यंत रक्तात हात घालून आतडी वेगळी करते, आणि तरी माझ्या मुलीनं चाप ओढावा हे मला नको आहे. का नको, हे तिला पटेल असं सांगता येत नाही. अपघाताची भीती म्हणावी तर ती रोज त्याच रस्त्यावरून मोपेड चालवते. मुलगी आहे म्हणून म्हणावं तर गटातल्या दोन बायकांपैकी एक सगळ्यात अचूक नेमाची आहे. आमच्याकडे बायकांनी वाटण करून द्यायचं असायचं, आणि माझ्यात ते अजून कुठेतरी बसलेलं असणार. नवरा म्हणतो, आधी गणितात पास होऊ दे.

अण्णांनी दोडामार्गहून तिला फोनवर धडे द्यायला सुरुवात केली आहे. वारा कसा बघायचा, पायाखाली काटकी मोडली तर किती वेळ थांबायचं, जखमी जनावर सोडून घरी यायचं नाही. शेवटचा नियम इथल्या पुस्तकातही आहे आणि त्यासाठी वेगळा शिकवलेला कुत्रा लागतो, हे तिनं त्यांना सांगितलं तर त्यांना कुत्र्याची जात, किंमत, सगळं हवं होतं. आई मागून ओरडत होती की पोरीला काय शिकवताय. परीक्षा मे महिन्यात आहे. अण्णांनी यंदा पावसाआधी पडीक कुणग्यांपैकी एकात हळद लावायची ठरवली आहे. डुक्कर हळदीला तोंड लावत नाही असं गावात म्हणतात. बेणं आणलंय. दुसऱ्या कुणग्याचं अजून ठरलेलं नाही.